तिरके खण

दर्यानाथ महाराज खाडीकाठच्या वेळणखारी गावी राहत, तेव्हाची ही गोष्ट. बंदरावरच्या धर्मशाळेच्या ओटीवर त्यांची बैठक असे. येणाऱ्याजाणाऱ्याला ते लहान मुलासारखे प्रश्न विचारत.

गोमा सुतार त्यांचा भक्त. सारा जन्म घरांची दारं आणि पाळणे करण्यात गेलेला. भैरू तांडेलाने त्याला आपल्या मचव्याच्या खोलीत ओढायचे खण करायला बोलावलं. ओहोटीमुळे मचवा गाळात एका कुशीवर कलंडला होता. गोमाने घराच्या भिंतीला लावावा तसा ओळंबा लावला आणि त्या मापाने खण बसवले. भरती आली, मचवा सरळ झाला, अन् सगळे खण घसरत बाहेर आले! त्यांची तोंडंही तिरकी.

"खण केलेस की घसरगुंडी रे?" तांडेल खो खो हसला. "ओळंबा तुझ्या महाराजांनी धरला होता वाटतं!"

खलाशीही हसले. मग तांडेलाने गोमाला दरडावलं,

"मला आत्ताच निघायचंय. तूही चल. वाटेत एक जरी खण उघडला, तर या बंदरात पुन्हा रंधा हातात धरायचा नाही."

गोमा धावतच ओटीवर गेला. "महाराज, चुकलो हो!"

"असं? म्हणजे मचवा उभा राहिला की खण कलंडतात?" महाराजांना केवढं नवल वाटलं! "आत काय ठेवणार?"

"तांडेलदादांचं होकायंत्र."

"मग जपायला हवं. जा तू. खणांचं मी बघतो."

गोमाने परत येऊन खण आत ढकलले. ते जागचे हलले नाहीत! तांडेलाने कपाळाला आठी घालून होकायंत्र आत ठेवलं आणि शीड उभारलं.

भर समुद्रात वादळ उठलं. मचवा या अंगावर पडे, त्या अंगावर पडे. फळीवरचे हंडे, कंदील, सारं उडालं. गोमाने भीतभीत एका खणावर हात ठेवला. लाकूड उबदार होतं, झोपलेल्या लेकराच्या पाठीसारखं. कोण बरं धरून बसलंय, त्याला कळेना. पाऊस थांबला, तरी दाट धुक्यात किनारा दिसेना. मग तांडेलाने खण ओढला. तो अलगद उघडला. होकायंत्र धड होतं! त्याच्याच आधाराने सगळे सुखरूप परतले.

गोमा आणि तांडेल ओटीवर आले, तेव्हा महाराजांचे शिष्य काळजीत होते. "महाराज दुपारपासून दोन्ही हातांनी भिंत रेटून उभे होते. जेवलेसुद्धा नाहीत."

"अहो, भूक आत्ता लागली," महाराज म्हणाले आणि भाकरीसाठी हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर फळीच्या कडेचे लाल वळ उमटले होते. वळ तिरके, अगदी त्या खणांच्या तोंडांइतके तिरके!

ज्या तिरकेपणाला तांडेल हसला होता, तो त्याने लगेच ओळखला. डोक्याचं मुंडासं काढून त्याने महाराजांच्या पायांवर कपाळ टेकलं. मग उठला, गोमाकडे वळला आणि त्याच्यापुढेही वाकला.