टिचकूचा आवाज खुळखुळ्यात

कान उघडे ठेवा हं. खुट्ट झालं तरी घाबरायचं नाही.

एक होता रातकिडा. त्याचं नाव टिचकू. टिचकू एवढुस्सा, पण मिशा लांबच लांब. तो राहायचा गोदूमावशीच्या वर्कशॉपात, लोखंडाच्या ढिगाखाली.

गोदूमावशी नातीसाठी पत्र्याचा खुळखुळा करत होती. आत खडे टाकले, खुळ खुळ. टिचकू आत शिरला आणि गाऊ लागला. किर्र! किर्र!

मावशीने झाकण ठेवलं, धप्प! टिचकूने उडी मारली, टुण! टिचकू बाहेर. आवाज आत!

मावशीला काय ठाऊक? तिने कथील वितळवून झाकणाला पक्का डाग दिला, झाकण कायमचं चिकटलं. मग खुर्चीत बसली आणि झोपली. घुर्र... फुस्स...

टिचकूने तोंड उघडलं. किर्र येईना. आली नुसती कुजबुज. आणि खुळखुळ्यातून कोण गातंय? किर्र... किर्र...

टिचकू टुणकन मागे सरला. तो इथे, आणि आवाज तिथे!

दिवेलागणीला आई हाक मारणार. टिचकूने ओ दिली नाही, तर आईला तो सापडणार कसा?

टिचकू निघाला. टुण टुण टुण. आला ड्रिलदादाकडे.

"ड्रिलदादा, ड्रिलदादा, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

ड्रिलदादा म्हणाला, "मी नाही जा! पत्रा गुळगुळीत. ठिपका नसला की मी घसरतो, सर्रर्र. आधी टोकदार पंच ठिपका टोचेल, मग मी फिरेन."

टुण टुण टुण. टिचकू खणात उतरला. खणात काळोख. काळोखात पंच दोन. एक चकचकीत, एक जुना पितळी.

चकचकीत पंच म्हणाला, "मला घे, मला घे! बघ कसा टोचतो!" त्याने खणाच्या पत्र्यावर टोक दाबलं. फुस्स! ठिपका नाहीच. टोकच वाकडं झालं. नुसता नट्टापट्टा मेला!

टिचकू पितळी पंचाकडे वळला.

"पंचकाका, पंचकाका, ड्रिल फिरेना, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

पंचकाका जाडजूड आवाजात म्हणाला, "माझ्या पोटात दणकट स्प्रिंग. मला हातोडा लागत नाही. नुसतं दाबलं की टक्! पण टोक झालंय बोथट. मी नाही जा! आधी दगड घासेल, मग मी टोचेन."

खुळखुळ्यातून आवाज आला. किर्र... किर्र... जरा बारीक.

टुण टुण टुण. टिचकू आला धारेच्या दगडाकडे.

"दगडआजोबा, दगडआजोबा, पंच टोचेना, ड्रिल फिरेना, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

दगडआजोबा म्हणाले, "मी नाही जा! कोरडं घासलं की अंगाची आग होते. आधी बुधली झरेल, मग मी घासेन."

टुण टुण टुण. टिचकू आला तेलाच्या बुधलीकडे.

"बुधलीताई, बुधलीताई, दगड घासेना, पंच टोचेना, ड्रिल फिरेना, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

बुधलीताई म्हणाली, "मी नाही जा! माझ्या तोटीत जाळं झालंय. आधी कोळीण सोडेल, मग मी झरेन."

टुण... टुण... टुण... टिचकू दबकत गेला. कोपऱ्यात आठ डोळे लुकलुकले.

"कोळीणबाई, कोळीणबाई, बुधली झरेना, दगड घासेना, पंच टोचेना, ड्रिल फिरेना, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

कोळीणबाई म्हणाली, "मी नाही जा! अंधारात माझी गाठ सुटत नाही. आधी दिवा लागेल, मग मी सोडेन. आणि हो, पुन्हा इतक्या जवळ येऊ नकोस!"

टिचकू पळाला. टुणटुणटुण! भिंतीवर चढला. दिव्याजवळ थांबला.

"दिवेकाका, दिवेकाका, कोळीण सोडेना, बुधली झरेना, दगड घासेना, पंच टोचेना, ड्रिल फिरेना, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

दिवेकाका म्हणाले, "मी नाही जा! माझं बटण मावशी दाबते. आधी मावशी उठेल, मग मी लागेन."

इतक्यात ढिगाखालून हाक आली. "टिचकू! ए टिचकू!"

टिचकूने ओ दिली. पण ती होती कुजबुज. आईला ऐकूच गेली नाही.

मग कुणीतरी ओ दिली. खुळखुळ्यातून. "किर्र... ओ आई..."

आई तुरुतुरु खुळखुळ्याकडे गेली. पत्र्यावरून पाय फिरवला. "अगं बाई, बाळा! इतका गार कसा रे झालास?"

टिचकू मागून कुजबुजला, "आई, मी इथे!"

आईने वळूनही पाहिलं नाही. ती गार खुळखुळ्याला बिलगून बसली. टिचकूला रडूच आलं.

मग त्याने डोळे पुसले. टुण! मावशीच्या पायावर. टुण! मांडीवर. टुण! खांद्यावर. कानात शिरल्या लांबच लांब मिशा. गुदु गुदु गुदु!

"कोण ते कानात?" मावशी दचकली.

टिचकू कानात कुजबुजला, "मावशी, मावशी, दिवा लागेना, कोळीण सोडेना, बुधली झरेना, दगड घासेना, पंच टोचेना, ड्रिल फिरेना, आवाज सुटेना. आता आईला ओ कशी देऊ?"

"अरे देवा! मीच डाग दिला, मीच कोंडला! थांब हं राजा, ही उठले बघ!"

मावशी उठली, दिवा लागला. लख्ख!
दिवा लागला, कोळीण सोडू लागली. सुळ्ळ!
कोळिणीने सोडलं, बुधली झरली. टिप् टिप्!
बुधली झरली, दगडाने घासलं. खस खस!

पंचकाकाचं टोक झालं अणकुचीदार. मावशीने खुळखुळा घट्ट धरला. पंच सरळ उभा केला. हळू... हळू... दाबला...

टक्!

हातोडा नाही, काही नाही. बरोब्बर एक ठिपका!

ठिपक्यावर ड्रिल बसलं. जरासुद्धा घसरलं नाही. घर्र घर्र घर्र, पडलं भोक!

भोकातून गार वारा आला. वाऱ्यातून आवाज आला. दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. खणाजवळून किर्र. छपराजवळून किर्र. मग अगदी टिचकूच्या तोंडाजवळ. किर्र?

टिचकूने केला मोठ्ठा आ. आवाज सुर्रकन आत!

खुळखुळा गप्प झाला. आई घाबरली. "टिचकू? ए टिचकू?"

"ओ आई! किर्र! किर्र! ओ!"

आई वळली. धावत आली. टिचकूला पोटाशी धरलं. "हाच माझा बाळ! कसा ऊन ऊन आहे!"

नातीला मिळाला खुळखुळा. वाजतो छान, खुळ खुळ. पण भोकाला कान लावला ना, तर आत कुणीतरी हळूच म्हणतं, "किर्र..."

म्हणून आईने हाक मारली की चटकन ओ द्यायची बरं का. तुम्ही नाही दिलीत, तर खुळखुळा देईल!