हलगी वाजायची आणि गाव बोलायचं

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठी एक गाव होतं आणि त्या गावाला बोलायची भारी हौस होती.

तिन्हीसांजेला म्हाळोजी दवंडीवाला वडाच्या पारावर हलगी वाजवी. बोले मात्र गाव. ज्याने जे पाहिलं, ते त्यानेच उभं राहून सांगायचं, अशी तिथली रीत. मेंढपाळ रानातलं सांगे, कोळीण नदीचं. मधेच कुणी ओरडे, "थांब गं, असं नव्हतं झालं!" मग हशा, भांडणं, रुसवेफुगवे, आणि शेवटी खरं काय ते सगळ्यांना कळे. बाळांनो, काय गोड संध्याकाळी होत्या त्या!

पण म्हाळोजीचा आवाज गोड होता आणि त्याला ते ठाऊक होतं. लोकांचं अडखळत बोलणं त्याच्या कानाला खुपू लागलं. एक दिवस तो म्हणाला, "तुम्ही निवांत बसा. सगळं मीच सांगतो."

गावालाही बरं वाटलं. आयतं ऐकायला कुणाला नको असतं? हळूहळू त्याला काही कळवायलाही कुणी जाईना. मग तो पारावर बसूनच अंदाजाने बातम्या रंगवू लागला. लोक माना डोलवत घरी जात.

अशात त्याची लेक तुळसा बाळंतपणाला माहेरी यायची होती. तिचं सासर पैलतीरी. म्हाळोजीने खुशीत दवंडी दिली, "नदी उतरलीय हो! गाड्या खुशाल पाण्यात घाला!" नावेने पलीकडे जाणाऱ्या वाटसरूंनी ते तुळसाच्या सासरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी तुळसाची गाडी नदीत शिरली आणि मधल्या खड्ड्यात कलंडली. कोळ्यांनी उड्या टाकून तिला बाहेर काढलं. ती वाचली, पण पोटातलं लेकरू गेलं.

म्हाळोजी गिरजाक्का कोळणीकडे गेला.

"गिरजाक्का, तुला त्या खड्ड्याचं ठाऊक होतं?"

"व्हय दादा. रोज जाळं टाकते की तिथं."

"मग काल पारावर बोलली का नाहीस गं?"

गिरजाक्काने पदर डोळ्यांना लावला. "तू इतकं ठामपणे सांगत होतास. मला वाटलं, माझ्याच बघण्यात काहीतरी चुकलं असंल."

त्या संध्याकाळी म्हाळोजीने हलगी वाजवली आणि तो पाराखाली, लोकांत जाऊन बसला. "आता तुम्ही सांगा," एवढंच म्हणाला. मग गिरजाक्का उठली आणि चाचरत नदीचं सांगू लागली.

तात्पर्य : गावाची खबर गावानेच सांगावी; ती एकाच्याच तोंडी दिली, तर बाकीच्यांचा आपल्या डोळ्यांवरचाही विश्वास उडतो.