कुठल्याच मापाचं नसलेलं झाकण

"फसवणूक! भर दरबारात फसवणूक!" खडकवाणीचे राजे दुंदुभिराव सिंहासनावरून असे ताडकन उठले की चवरीवाला दचकून स्वतःलाच वारा घालू लागला.

झालं होतं असं. महाराजांना इमारती बांधायचं भारी वेड, आणि गणिताच्या नावानं आनंद! त्यांनी राजवाड्यातल्या संगणकाला कारंज्याच्या क्षेत्रफळात बागेच्या कुंपणाची लांबी मिळवायला लावली. तो बिचारा हुकमाचा ताबेदार, त्यानं मिळवली! मग कारंज्यावर छत असं उभं राहिलं की त्याखाली अख्खी बाग आणि शेजारच्या राजाची दोन शेतं झाकली गेली. लढाई होता होता राहिली.

तेव्हा महाराजांनी फर्मान काढलं, "भूमितीचा एकच प्रोग्रॅम लिहा! गोल, चौकोनी, तिरपागडा, माझ्या अजून मनातही न आलेला, कुठलाही आकार त्याला चालला पाहिजे. पण चुकीचं काही घातलं, तर त्यानं घेता कामा नये! नाही जमलं तर सगळा संगणकखाना हत्तींची लीद उपसायला!"

प्रोग्रॅम लिहिला बकुळानं. मुदपाकखान्यातल्या आचाऱ्याची लेक ती, जीभ लवंगी मिरचीसारखी. आणि आज प्रधानजींनी चुगली केली, "महाराज, हिच्या प्रोग्रॅममध्ये ना गोल आहे, ना चौकोन! आकाराच्या जागी सगळीकडे नुसतं 'अ' लिहून ठेवलंय!"

बकुळाला हत्तींची लीद आठवली. तिचं एकवेळ निभावलं असतं, पण संगणकखान्यातले ते काडीपैलवान हत्तीखान्यात एक दिवस टिकले नसते. ती पुढे झाली.

"महाराज, जरा कणीक मागवू?"

"भूक लागली?"

"मला नाही, प्रधानजींच्या शंकेला लागलीय!"

कणीक आली. बकुळानं गोळा मळला आणि वर धरला. "हे झाकण."

"कुठल्या भांड्याचं?"

"अजून कुठल्याच नाही. म्हणून तर सगळ्यांचं! आणा हवं ते भांडं."

गोल हंडी आली, राणीसाहेबांचा चौकोनी पानाचा डबा आला, आणि युवराजांनी स्वतः घडवलेली सुरई आली, जिचं तोंड नेमकं कुठे आहे यावरच दरबारात दोन मतं होती. बिर्याणीला दम देताना थापतात तशी बकुळानं प्रत्येकावर तूप लावून कणीक थापली, वर निखारे ठेवले. कडक झाल्यावर उचलली, तर तीन भांड्यांची तीन झाकणं!

"ही सुरई माझ्या सात पिढ्यांनी पाहिली नसेल, तरी झाकण बसलं ना? कणकेला आकार आधी सांगावा लागत नाही, महाराज. भांडं समोर आलं की ती त्याचाच घेते. माझा 'अ' म्हणजे हीच कणीक."

"आणि चुकीचं?" प्रधानजी फिस्कारले. त्यांनी हंडीचं झाकण डब्यावर ठेवलं, दाबलं, वर रेटा दिला. झाकण काही बसेना, प्रधानजी मात्र घसरून जमिनीवर बसले! "एकदा एकाचं झालं की दुसऱ्याला बसत नाही," बकुळा म्हणाली, "तशीच क्षेत्रफळात लांबीही बसत नाही!"

महाराज तरीही हट्टाला पेटले. स्वतः संगणकापुढे बसले आणि तळ्याच्या क्षेत्रफळात आपल्या मिशीची लांबी मिळवायला सांगितली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, "हे इथे चालणार नाही." मग त्यांनी पुढे आपल्या सगळ्या पदव्या लिहिल्या. तरी तेच!

"मला नाही म्हणतं? मला?" महाराज गरजले. दरबार खाली मान घालून गालिच्याची नक्षी बघू लागला.

बकुळानं हात जोडले. "महाराज, चुकीला नाही म्हणणारं कुणीतरी आपणच मागितलं होतंत. एवढ्या दरबारात तसं माणूस सापडेना, म्हणून यंत्रात घालावं लागलं!"

प्रधानजींनी डोळे गच्च मिटून घेतले. आणि मग महाराज असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला! हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी बकुळाला दिलं आणि संगणकखान्याची मुख्य म्हणून तिथल्या तिथे तिचं नाव पुकारलं.

तेव्हापासून खडकवाणीत वीटसुद्धा रचायची झाली, तरी महाराज आधी तिच्या यंत्राला हळूच विचारतात, "चालेल ना रे बाबा?"