टिचकीची घुरघुर

कान इकडे करा. ही गोष्ट हळूच ऐकायची असते.

एक होतं मांजराचं पिल्लू. राखाडी रंगाचं, एवढंसं. त्याचं नाव टिचकी.

टिचकीची नखं बारीक, काट्यासारखी. एरवी ती पंजात लपून बसायची. कधी बाहेर येतील, ते टिचकीलाही कळायचं नाही.

आणि टिचकीच्या पोटात होती एक घुरघुर. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. ती वाजली, की टिचकीला झोप लागायची.

एकदा भर दुपारी टिचकी विहिरीच्या कठड्यावर बसली. पान हलत नव्हतं. कावळा बोलत नव्हता. सगळं गप्प होतं.

टिचकीने खाली वाकून बघितलं. खाली काळं पाणी. पाण्यात दुसरं पिल्लू. ते टिचकीकडे बघत होतं.

टिचकी फिसकारली. फिस्स!

खालचं पिल्लूही फिसकारलं. पण त्याचा आवाज आला नाही.

टिचकीने पंजा उगारला. तोंड मोठ्ठं उघडलं. आणि तोंडातून घुरघुर निसटली. खाली गेली, खाली गेली, पाण्यात पडली. डुब्.

टिचकीचं पोट गप्प झालं. एकदम गप्प.

मग विहिरीतून आवाज आला.

घुर्र... घुर्र...

टिचकी म्हणाली, "विहीरबाई, विहीरबाई, माझी घुरघुर दे."

विहीर खालून बोलली. तिचा आवाज गार होता. "मी अशी देत नाही. पोहऱ्याला खाली येऊ दे, मग देईन. पण दिवस बुडायच्या आत हं. दिवस बुडाला, की घुरघुर माझी."

टिचकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

कठड्यापाशी पोहरा उपडा पडला होता. आत अंधार भरून बसला होता.

"पोहरोबा, पोहरोबा, खाली जा. विहीर घुरघुर देईना, मला झोप येईना."

पोहरा बोलला, ठण् ठण्. "मी नाही जात. एकदा गेलो, की वर कसा येऊ? दोराला मला बांधू दे, मग जाईन."

टिचकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

खुंटीवर दोर होता. वेटोळं घालून बसला होता, सापासारखा.

"दोरदादा, दोरदादा, पोहरा बांध. पोहरा खाली जाईना, विहीर घुरघुर देईना, मला झोप येईना."

दोर सळसळला. वारा नव्हता, तरी सळसळला. "मी नाही बांधत. मला धरायला कोण आहे? बकुळला धरू दे, मग बांधीन."

मागे विहिरीतून आवाज आला. घुर्र... घुर्र... आता तो जाड झाला होता.

टिचकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

बकुळ म्हणजे या घरातली मुलगी. ती पायरीवर बसली होती. एक हात दुसऱ्या हातात धरून.

"बकुळताई, बकुळताई, दोर धर. दोर पोहरा बांधीना, पोहरा खाली जाईना, विहीर घुरघुर देईना, मला झोप येईना."

बकुळने हात पुढे केला. हातावर तीन लाल रेघा होत्या. "मी नाही धरत. सकाळी तुला उचललं, तर तू मला बोचकारलंस. ढोल्या कुत्रा एवढा मोठा, पण तो कधी बोचकारत नाही. तू एवढीशी, आणि बोचकारतेस. माझा हात चुरचुरतोय. आईला हळद लावू दे, मग धरीन."

टिचकीने आपला पंजा बघितला. पंजा मऊ होता. नखं दिसतच नव्हती.

टिचकी निघाली. लुटूलुटू, लुटूलुटू.

आतली खोली अंधारी होती. पाळणा वाजत होता. कर्र... कुर्र... कर्र... कुर्र... आई पाळण्याची दोरी ओढत होती.

"आई, आई, हळद लाव. बकुळ दोर धरीना, दोर पोहरा बांधीना, पोहरा खाली जाईना, विहीर घुरघुर देईना, मला झोप येईना."

आई कुजबुजली, "कशी उठू गं? पाळणा थांबला, की बाळ रडतं. बाळाला डोळे मिटू दे, मग लावीन."

टिचकी पाळण्याखाली गेली. मान वर केली.

"बाळोबा, बाळोबा, डोळे मीट. आई हळद लावीना, बकुळ दोर धरीना, दोर पोहरा बांधीना, पोहरा खाली जाईना, विहीर घुरघुर देईना, मला झोप येईना."

बाळाचे डोळे गोल होते. ते दाराकडे बघत होते. बाळाने एक इवलं बोट दाराकडे केलं.

दाराबाहेर कुणीतरी कण्हत होतं.

कुंई... कुंई...

आईने हळूच सांगितलं, तो आपला ढोल्या. दुपारपासून असाच कण्हतोय. तो गप्प बसला, तर बाळ डोळे मिटील.

टिचकी दारात थांबली. ढोल्याजवळ ती कधीच गेली नव्हती. कुणी हाक मारली, की ढोल्या धावत यायचा, शेपूट हलवायचा, हात चाटायचा. पण ढोल्याचे दात केवढे मोठे. ढोल्याचं तोंड केवढं मोठं.

सूर्य खाली आला होता. भिंतीची सावली लांब झाली होती. सावली विहिरीपर्यंत पोचली होती.

घुर्र... घुर्र... आता विहिरीतला आवाज टिचकीसारखा मुळीच वाटत नव्हता.

टिचकी निघाली. लुटू... लुटू... लुटू... लुटू...

भिंतीच्या सावलीत ढोल्या बसला होता. काळा, मोठा. सावलीत नुसते डोळे चमकत होते.

टिचकीच्या अंगावरचे केस उभे राहिले. शेपूट फुगलं. तरी ती बोलली.

"ढोल्यादादा, ढोल्यादादा, गप्प बस. बाळ डोळे मिटीना, आई हळद लावीना, बकुळ दोर धरीना, दोर पोहरा बांधीना, पोहरा खाली जाईना, विहीर घुरघुर देईना, मला झोप येईना."

ढोल्या म्हणाला, "कसा गप्प बसू? माझ्या पाठीवर खाज सुटलीय. बरोब्बर मधोमध. पाय पोचत नाही. भिंतीला घासलं, तरी जात नाही. माझी नखं बोथट."

मग तो खाली वाकला. त्याचं ओलं नाक टिचकीच्या नाकाला लागलं.

"तुझी कशी आहेत?"

टिचकी थरथरली. पण पळाली नाही. ढोल्या पोटावर बसला. टिचकी त्याच्या पाठीवर चढली.

नखं बाहेर आली. बारीक, काट्यासारखी. टिचकीला बकुळच्या हातावरच्या तीन रेघा आठवल्या. लाल लाल. तिने नखं थोडी आत घेतली. आणखी थोडी आत. फक्त टोकं बाहेर ठेवली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

खर्र खर्र. खर्र खर्र. खर्र खर्र.

ढोल्याचा मागचा पाय आपोआप हलला. जीभ बाहेर आली. तो म्हणाला, "हां. तिथेच."

खर्र खर्र. खर्र खर्र.

मग काय झालं?

ढोल्या गप्प बसला.
बाळाने डोळे मिटले.
आईने हळद लावली.
बकुळने दोर धरला.
दोराने पोहरा बांधला.
पोहरा खाली गेला.

खाली, खाली, आणखी खाली. करकर, करकर, करकर.

सूर्य भिंतीआड चालला होता. आता अर्धाच होता. आता एवढासाच होता. नखाएवढा.

विहीर बोलेना. पोहरा हलेना.

टिचकी कठड्यावर चढली. या वेळी तिने पाण्यातल्या पिल्लाकडे बघितलं नाही. ती म्हणाली, "विहीरबाई, पोहरा आला. दिवस अजून आहे. माझी घुरघुर दे."

विहिरीने एक लांब, गार श्वास सोडला.

"खूप ऊब होती गं तिच्यात," विहीर म्हणाली.

डुब्.

बकुळने दोर ओढला. करकर, करकर, करकर. पोहरा वर आला. पोहऱ्यात पाणी नव्हतं. काहीच नव्हतं. पण पोहरा जड होता. आणि कोमट होता. आणि थरथरत होता.

टिचकीने पोहऱ्यात डोकं घातलं.

आत जाडजूड आवाज होता. घुर्र... घुर्र... टिचकीने तोंड उघडलं. आवाज बारीक झाला. आणखी बारीक झाला. टिचकीएवढा झाला. आणि सुळकन पोटात गेला.

घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

दिवस बुडाला.

बकुळ पायरीवर बसली. टिचकी आपण होऊन तिच्या मांडीवर आली. दोनदा गोल फिरली. मग बसली. सगळी नखं आत. हळदीचा हात तिच्या पाठीवर फिरला.

विहीर गप्प होती. काळी, गार, गप्प.

मांडीवर मात्र घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

टिचकी निजली. गोष्टही निजली.