सातगोंडानं सॉफ्टवेअर पारखलं

एका गावात पत्र्याच्या कोठ्यांचा एक कारखाना होता आणि त्या कारखान्यात सातगोंडा नावाचा एक भोळा स्टोअरकीपर होता. शेतकरी धान्य भरून ठेवतात, त्या कोठ्या. सांगितलेलं काम सातगोंडा सांगितलं तस्संच करायचा. एका अक्षराचा फरक नाही.

मालकीण कुसुमताई चौगुले. कारखाना त्यांनी एकटीनं वाढवला होता, पण कारभार अजून वह्यांवर चालायचा. गेल्या सुगीत कागलच्या कोठ्या निपाणीला गेल्या. निपाणीच्या कुठं गेल्या, ते कुणालाच कळलं नाही. पुन्हा असं झालं तर मोठे व्यापारी तुटणार होते. म्हणून ताईंनी ठरवलं, सॉफ्टवेअर घ्यायचं. आता ते बघणार कोण? ऑफिसातल्या बाकीच्यांना विकणाऱ्यानं एक जेवण दिलं की ते त्याचे गोडवे गात परत यायचे. सातगोंडा घरच्या डब्याशिवाय काही खात नसे. काम त्याच्यावर आलं.

“नीट ठोकून बघून घे,” ताई म्हणाल्या.

“बघतो की, ताई.”

पहिला विक्रेता आला. त्यानं टेबलावर लॅपटॉप उघडला. सातगोंडानं लाकडी हातोडी आणली आणि लॅपटॉपवर तीन ठोके दिले. पहिल्या दोन ठोक्यांना आवाज बरा आला. तिसऱ्याला आला नाही. विक्रेता तुकडे गोळा करून निघून गेला.

ताईंनी कपाळाला हात लावला. “अरे, असं ठोकायचं नसतं. गप बसायचं, बघायचं. मधे एक शब्द बोलायचा नाही.”

“नाही बोलणार, ताई.”

दुसरा विक्रेता आला. सातगोंडा गप बसून बघत राहिला. विक्रेता कोपऱ्यातल्या खुर्चीकडे गेला. त्या खुर्चीचा मागचा पाय मोडका आहे, हे सातगोंडाला ठाऊक होतं. विक्रेता बसला. सातगोंडा बघत होता. विक्रेता मागं रेलला. सातगोंडा अजून बघत होता. विक्रेत्याला दोघांनी धरून दवाखान्यात नेलं.

“अरे, तुला माहीत होतं ना?” ताई म्हणाल्या. “मग आल्या आल्या सांगावं माणसानं. जे मोडकं आहे ते मोकळेपणानं सांगून टाकायचं.”

सातगोंडाला वाईट वाटलं. ते त्यानं मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी निपाणीचे व्यापारी दुंडाप्पा हेब्बाळे नवी ऑर्डर द्यायला आले. सातगोंडा दारातच पुढं झाला. “आधी सांगून टाकतो, अण्णा. ह्या कोठीचं झाकण बसत नाही. त्या कोठीला खालून भोक आहे. आणि तुमच्या मागच्या कोठ्या कुठं गेल्या, ते आम्हाला अजून सापडलेलं नाही.”

हेब्बाळे चहासुद्धा न घेता गेले.

ताईंनी ऑर्डरची वही मिटली. मग म्हणाल्या, “तू आता एवढंच कर. चार ठिकाणी जाऊन विचार. ज्यांनी हे करून बघितलंय, त्यांना अनुभव कसा आला ते विचार. चौघं बरा म्हणेपर्यंत कशालाही हो म्हणू नकोस.”

“नाही म्हणणार, ताई.”

दुपारी वेल्डिंगची ठिणगी उडून रिकाम्या पोत्यांनी पेट घेतला. पाण्याच्या मोटरची किल्ली सातगोंडाकडं असायची. वेल्डर इस्माईल धावत आला. “किल्ली दे. पाणी मारू दे.”

“थांब,” सातगोंडा म्हणाला, “चार ठिकाणी विचारून येतो.” आणि किल्ली खिशात घालून तो सायकलवरून निघाला.

गिरणीवाल्याला त्यानं विचारलं, “आगीवर पाणी मारल्याचा अनुभव कसा आहे?”

“बरा आहे,” गिरणीवाला म्हणाला.

चहावाला बरा म्हणाला. पोस्टमास्तरांनी थोडा विचार केला आणि तेही बरा म्हणाले. चौथं ठिकाण पंपांचा कारखाना. तिथं रोहिणी तोडकर नावाच्या बाई सॉफ्टवेअर बसवून देत होत्या. त्यांनी उत्तरच दिलं नाही. “आग कुठं लागलीय?” एवढंच विचारलं, भिंतीवरच्या वाळूच्या बादल्या काढायला लावल्या आणि सहा माणसं घेऊन धावत सुटल्या.

निम्मी पोती गेली. शेड वाचली.

तोंडावर काजळी आलेल्या तोडकरबाईंकडं बघून ताई म्हणाल्या, “सॉफ्टवेअर बसवून देणारं माणूस असं पाहिजे.” पुढचे चार दिवस त्यांनी पंपवाल्यांकडं बसून तोडकरबाईंचं काम स्वतः पाहिलं, खोदून खोदून प्रश्न विचारले, आणि तेच सॉफ्टवेअर, त्याच बाई, असं पक्कं केलं. चौथ्या ठिकाणी विचारलं ते बरं झालं, असं सातगोंडाला वाटलं.

पण ताईंनी त्याला समोर बसवलं. “असल्या वेळी विचारत फिरायचं नसतं. कुणालाही काही विचारायचं नाही. सरळ पाणी ओतायचं. सगळं गेलं अशी खात्री होईपर्यंत ओतायचं.”

“आता नाही विसरणार, ताई.”

शनिवारी तोडकरबाईंनी वह्या चाळल्या. एकच गिऱ्हाईक तीन नावांनी लिहिलेलं. मापं खोडलेली, वर पुन्हा लिहिलेली.

“हे असं सॉफ्टवेअरमधे भरता येणार नाही,” त्या म्हणाल्या. “आधी सगळ्या वह्या साफ करून घ्या. एकही चूक राहायला नको.”

“सातगोंडा,” ताई म्हणाल्या, “सोमवारपर्यंत झालं पाहिजे.”

रविवारी सातगोंडानं एकोणीस वर्षांच्या वह्या अंगणात काढल्या. कसं करायचं, हे कुणाला तरी विचारावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग ताईंचं बोलणं आठवलं. त्यानं मोटर चालू केली.

सोमवारी सकाळी ताई आणि तोडकरबाई फाटकातून आत आल्या. फाटकापासून शेडपर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांवर वह्या वाळत होत्या. खालच्या फरशीवर निळं पाणी साचलं होतं. ताईंनी एक वही उघडली. दुसरी उघडली. पान उलटलं, अजून एक उलटलं. तोडकरबाईंनी एक पान उजेडाकडं धरून बघितलं.

सातगोंडाची बोटं पाण्यात राहून पांढरी पडली होती. साबणाची वडी बाजूला ठेवून तो पुढं आला.

“बघून घ्या, ताई,” तो म्हणाला. “एकोणीस वर्षांत एक चूक सापडली तर सांगा.”