न गोठणारं मीठ

"पण सर, इतकं शुद्ध केल्यावरही ते गोठत का नाही?"

खानझोडे सर ओट्यावर वाटाणे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मृदुला ठोसर ही त्यांची अमरावतीच्या कॉलेजातली विद्यार्थिनी. आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तिच्या हाताखाली सात जण होते. निवृत्तीनंतर सर चिखलदऱ्याजवळच्या या गावात राहायला आले, त्याला पाच वर्षं झाली. ती आज पहिल्यांदा आली होती.

तिने सगळं सांगितलं. तिने एक मीठ तयार केलं होतं, खायचं नव्हे. वितळताना ते उष्णता पोटात घेई, गोठताना सावकाश परत देई. उशीएवढ्या पिशवीत चार तासांची ऊब मावत होती. वीज गेली तरी अशक्त बाळाला त्या उबेवर निजवता यावं, म्हणून तिने डोंगरातल्या एका आरोग्य उपकेंद्राला पिशव्या दिल्या होत्या.

गेल्या मंगळवारी तिथे पिशवी गरम पाण्यातून काढली, आणि थोड्याच वेळात ती थंड पडली. आतलं मीठ पाण्यासारखं पातळच राहिलं. पोटातली उष्णता पोटातच. बाळ होतं पावणेदोन किलोचं. तिथल्या कासदेकर सिस्टरांनी त्याला आईच्या छातीशी बांधून ठेवलं, म्हणून निभावलं.

"सिस्टर काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

सिस्टरांचं म्हणणं सांगण्यासारखं तिला वाटत नव्हतं. नव्या पिशव्या नकोत, पहिल्या वर्षीची तेवढी राहू द्या, ती कधी दगा देत नाही, असं त्या म्हणत होत्या. पण त्या पिशवीत बाजारातल्या कच्च्या मालापासून केलेलं मीठ होतं, गढूळ, तळाशी पांढरी खर साचलेली. तिला त्याची लाज वाटायची. त्यानंतरचं मीठ तिने सहा-सहा वेळा गाळून आरशासारखं केलं होतं. जुनी पिशवी फेकून द्यायला काल ती उपकेंद्रातून घेऊनही आली होती.

"फेकलीस?"

"नाही. गाडीत आहे."

सरांनी वाटाण्याचं ताट बाजूला सारलं.

ती दोन्ही पिशव्या घेऊन आली. नवीतलं मीठ मंगळवारपासून तसंच होतं. पातळ, नितळ, गार.

सरांनी कात्रीने जुन्या पिशवीचा कोपरा कापला आणि तळाची चिमूटभर खर बोटावर घेतली. मग नव्या पिशवीचं तोंड उघडून ती आत सोडली.

चिमूट पडली तिथून पांढऱ्या सुया फुटल्या. बघता बघता त्या कडेपर्यंत पोचल्या, आणि सरांच्या हातातली पिशवी घट्ट झाली.

मृदुला बघत राहिली.

"गोठायला पहिला कण लागतो, आणि हाच कचरा मी काढत होते," ती हळूच म्हणाली.

"सहा वेळा," सर म्हणाले. ते हसत होते, पण तिला ते लागलं नाही. कॉलेजात तिच्या हातून काचेची नळी फुटली की ते असेच हसायचे.

"सिस्टरांनी सांगितलं होतं, सर. मी ऐकलं नाही."

"आजच परत जाते त्यांच्याकडे," तीच पुढे म्हणाली. "पुढचं मीठ त्यांना विचारून करीन."

तिचे डोळे भरून आले होते. ते लपवायला ती आपल्या बॅगेवर वाकली, तापमापक काढला, वहीचं कोरं पान उघडलं.

सरांनी तापमापक तिच्या हातातून काढून घेतला आणि त्या जागी ती पिशवी ठेवली.

"मोजशील गं नंतर. आधी हात शेकून घे."