रंगाऱ्याच्या अंगणातली रेघ

एकदा एक शिष्य आपला पहिलावहिला निवाडा लिहून गुरूंकडे निघाला, तेव्हा त्याला स्वर्ग दोन बोटे उरला होता.

गुरू म्हणजे त्या गावचे वृद्ध न्यायशास्त्री. कोणी वारले की मागे राहिलेल्यांची वाटणी करायची, मृत्युपत्राचा अर्थ लावायचा, पोरक्या मुलांना पालक नेमून द्यायचा, ही कामे चाळीस वर्षे त्यांच्याकडे होती. गावात चोऱ्यामाऱ्या क्वचितच होत. पण माणसे मरायची थांबत नाहीत आणि भाऊ भांडायचे थांबत नाहीत, त्यामुळे शास्त्रीबुवांना उसंत अशी कधी मिळाली नाही. आता त्यांचे डोळे अधू झाले होते. येत्या संक्रांतीला गादी शिष्याला द्यावी असे पंचांनी ठरवत आणले होते, फक्त त्याआधी त्याने एक वाटणी एकट्याने करून दाखवायची होती.

शिष्य हुशार होता, यात वादच नाही. सात वर्षांत त्याने स्मृती पाठ केल्या, त्यांच्यावरच्या टीका पाठ केल्या, आणि त्या टीकाकारांची आपसातली भांडणेही पाठ केली. सावत्र भावाच्या नातवाला किती वाटा, असे कोणी झोपेतून उठवून विचारले असते, तर त्याने डोळे न उघडता सांगून पुन्हा कूस बदलली असती.

त्याच्या वाट्याला आलेले प्रकरण एका रंगाऱ्याचे होते. रंगारी नामांकित होता. त्याच्या निळ्या लुगड्यांना दूरच्या पेठांतून मागणी असे. तो गेला आणि मागे दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडे आणि बायको राहिली. मुलांमध्ये विस्तव जात नव्हता. कारण विचारले तर त्यांनाही ते नीट सांगता आले नसते, पण एका अंगणात राहायचे नाही यावर मात्र दोघांचे एकमत होते.

शिष्याने घराचा नकाशा काढला आणि मधोमध भिंत घातली. पश्चिमेची बाजू थोरल्याला, पूर्वेची धाकट्याला. लाल रंगाच्या कढया थोरल्याला, निळीचे रांजण धाकट्याला. विहीर बरोबर भिंतीच्या रेषेत आलेली, म्हणजे अर्धी अर्धी. आईने शास्त्राप्रमाणे थोरल्याकडे राहावे आणि तिला आजन्म अन्नवस्त्र मिळावे. एक वीतही इकडेतिकडे नव्हती. दोघे भाऊ माना डोलावून घरी गेले.

गुरुजींनी कागद दोनदा वाचून घेतला. अक्षराचे कौतुक केले. मग विचारले, "किती जण खूश झाले?"

"दोघेही, गुरुजी."

"आणि घरात माणसं किती?"

शिष्याने मनातल्या मनात मोजली. नऊ होती. त्याने तसे सांगितले, पण या प्रश्नाचा निवाड्याशी काय संबंध हे त्याला कळेना. गवंड्यांना आठ दिवस थांबायला सांगा, एवढेच गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी शास्त्रीबुवा रंगाऱ्याच्या अंगणात हजर झाले. रंगाच्या कामाला चुना लागतोच, तेव्हा त्यांनी त्याच घरातून कोरड्या चुन्याची एक पाटी मागून घेतली, धोतर खोचले आणि सत्तरीच्या वयात ओणवे होऊन जिथे भिंत येणार होती तिथे पांढरी रेघ ओढू लागले. शिष्य मदतीला धावला तर त्याला हातानेच मागे सारले. रेघ विहिरीपर्यंत गेली, विहिरीपलीकडून पुन्हा सुरू झाली आणि मागच्या कुंपणाला जाऊन थांबली. बघायला निम्मे गाव जमले होते. धोतर, दाढी, भुवया, सगळे पांढरे करून म्हातारा उभा राहिला तेव्हा पोरे तर खदाखदा हसली.

थोरल्याने विचारले की ही रेघ ओलांडायची नाही का. गुरुजी म्हणाले, "ओलांडा की. मी कुठे अडवलंय? फक्त पुसली गेली तर पुन्हा आखू नका."

ते आठ दिवस शिष्याला फार जड गेले. बाजारात निघाला की कोणी ना कोणी विचारायचे, धाकटे शास्त्री, भिंत कधी उभी राहणार? गुरूंचा आपल्यावर भरवसा नाही, याचे त्याला वाईट वाटले, आणि खोटे कशाला बोला, रागही आला. निवाड्यात खोट असेल तर दाखवावी, चुना कशाला सांडावा! तो रोज एकदा आपला कागद काढून वाचायचा. रोज तो त्याला बिनचूकच वाटायचा.

नवव्या दिवशी सकाळी दोघे रंगाऱ्याकडे गेले. गुरुजी विहिरीच्या कठड्याला टेकून बसले आणि म्हणाले, "माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही. तूच रेघेवरून चालत जा आणि काय दिसतं ते सांग."

मार्गशीर्षाचे कोरडे दिवस, त्यामुळे रेघ बहुतेक ठिकाणी जशीच्या तशी होती. एका जागी ती ओरबाडल्यासारखी झाली होती. शिष्याने वाकून पाहिले आणि गंभीरपणे सांगितले की हे कोंबड्यांचे काम आहे. गुरुजींनीही तितक्याच गंभीरपणे मान हलवली.

दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये मात्र हातभर रेघ पार नाहीशी झाली होती. शिष्य तिथे उभा असतानाच धाकटी जाऊ हातात खापरी घेऊन आली, थोरलीच्या चुलीतले चार निखारे घेऊन परत गेली, आणि जाताना ताकाचे भांडे ठेवून गेली. ज्या दोन घरांत विस्तव जात नाही म्हणून सगळे गाव बोलत होते, तिथे रोज सकाळी खापरीभरून विस्तव जात होता. शिष्याला हसू आवरेना.

पण मागच्या बाजूला, थोरल्याच्या पडवीसमोर, रेघेला आणखी एक खिंड पडली होती. ती अरुंद होती. एकाच माणसाची लहान, अनवाणी पावले, जाताना साधी आणि येताना निळी. शिष्य त्या पावलांच्या मागे गेला. ती पूर्वेच्या छपरात शिरली होती, आणि तिथे रंगाऱ्याची म्हातारी बायको रांजणावर ओणवी होऊन वास घेत होती. तिने काठीने आतले पाणी ढवळले, एक थेंब जिभेवर ठेवला आणि थुंकून टाकला.

सबंध वाटणी करताना आपण हिच्याशी एक शब्दही बोललो नाही, हे शिष्याच्या तेव्हा लक्षात आले.

"आजी, काय करताय?"

"नीळ आलीय का बघते, नीट आंबली की नाही ते वासावरूनच कळतं. अजून एक दिवस हवा. गूळ कमी पडलाय."

हे काम कोणाचे, असे त्याने विचारले. माझेच, ती म्हणाली. लग्न होऊन आले तेव्हापासून माझेच. "यांना बारा महिने सर्दी. यांना कुठला वास यायला? लोक यांच्या हाताचं कौतुक करायचे. म्हटलं करू दे, आपलंच माणूस आहे." आणि ती मनापासून हसली.

शिष्याला हसता आले नाही. रांजण एकीकडे आणि त्यांची पारख दुसरीकडे, अशी वाटणी त्याने सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. त्याने विचारले की निवाडा वाचला तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत.

"तुम्ही विचारलंत ते मुलांना, बाबा. मी ठरवलं होतं, भिंत झाली की बाहेरच्या रस्त्यानं वळसा घालून येत जाईन. गुडघे चालतील तोवर."

शिष्य परत आला तो मान खाली घालून. त्याने गुरुजींना सगळे सांगितले. गुरुजी म्हणाले, "बाकीच्या न्यायात वादी समोर असतो, प्रतिवादी समोर असतो. दोघं ओरडतात, आपण ऐकायचं. वारशाच्या न्यायात ज्याची वस्तू तो गेलेला असतो, आणि ज्याच्या जिवावर घर चालतं ते माणूस बहुधा ओरडत नाही. ओरडणाऱ्यांना वाटा द्यायला शास्त्र पुरतं. उरलेल्यांसाठी न्यायाधीशाला त्यांच्या अंगणात जावं लागतं आणि थोडे दिवस गप्प बसावं लागतं. या घरात कोण कुठे जातं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? म्हणून रेघ ओढली. बांधलेली भिंत पाडायला दहा माणसं लागतात. रेघ पुसायला एका म्हातारीचं पाऊल पुरतं."

मग त्यांनी आवाज खाली केला. पंचांची बैठक उद्याच आहे, ते म्हणाले. हवे तर निवाडा मी बदलला असे सांगतो. लोक म्हणतील म्हाताऱ्याची लहर, तुझ्यावर बोट येणार नाही आणि संक्रांतीही हुकणार नाही. विचार कर.

शिष्याने रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले, दोघे भाऊ आले, बायका मागच्या बाजूला बसल्या. शिष्य उभा राहिला आणि म्हणाला, "मी दिलेला निवाडा चुकीचा होता. चूक माझी आहे. मी घर पाहिलं, माणसं पाहिली नाहीत."

मग त्याने नवा निवाडा वाचला. भिंत बांधावी, पण दोन ठिकाणी ती मोकळी सोडावी. निळीचे रांजण आई आहे तोवर आईचे. दोघा मुलांनी तिच्या हाताखाली शिकावे, आणि ज्याला नीळ ओळखता येईल त्याला पुढे ते मिळावेत. धाकट्याने कुरकुर केली. थोरल्याने नाक खाजवले, त्यालाही बापासारखी सर्दी होती.

गावातला एक बडा व्यापारी पंचांत होता आणि त्याच्या शब्दाला वजन होते. तो म्हणाला, "शास्त्रीबुवा, पहिल्याच निवाड्यात जो चुकला, त्याच्या हाती आमची घरं द्यायची?"

गुरुजी म्हणाले, "शेटजी, पहिल्या निवाड्यात मीही चुकलो होतो. ते कुणाला सांगायला मला वीस वर्षं लागली. तोवर ती भिंत उभी होती."

व्यापाऱ्याने इतर पंचांकडे पाहिले आणि मान डोलावली. गुरुजी हळूहळू उठले, बाजूला सरकले आणि शिष्याला म्हणाले, "बस."

शिष्य बसला नाही. तो गादीला वळसा घालून मागे बायका बसल्या होत्या तिथे गेला, म्हातारीपुढे वाकला आणि त्याने विचारले, "आजी, हा निवाडा तुम्हाला चालेल का?"

म्हातारीने त्याच्याकडे पाहिले. असे कोणी विचारण्याची तिला सवय नव्हती, तिचे डोळे भरून आले. पण आवाज नेहमीचाच होता.

"चालेल की. आता सोडा मला घरी, रांजण उघडा टाकून आलेय."

सगळी चावडी हसली, आणि तेव्हा कुठे शिष्य येऊन गादीवर बसला.